पडदा काळा झाला तेव्हा: 'द सोप्रानोज'चा शेवटचा भाग आणि त्याचे प्रेक्षक

१० जून २००७, रविवारची रात्र. एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर 'द सोप्रानोज' या मालिकेचा ८६वा, म्हणजे अखेरचा भाग संपत आला होता. न्यू जर्सीतल्या एका साध्याशा आइस्क्रीम पार्लरमध्ये माफियाचा म्होरक्या टोनी सोप्रानो कुटुंबाची वाट पाहत बसतो. आधी बायको कार्मेला येते, मग मुलगा ए.जे. येतो. टेबलावर ऑनियन रिंग्ज येतात. मुलगी मेडो बाहेर रस्त्यावर गाडी लावायची खटपट करतेय आणि ती काही केल्या नीट लागत नाही. ज्यूकबॉक्सवर जर्नी या बँडचं १९८१ सालचं 'डोंट स्टॉप बिलीव्हिन' वाजतंय. दारावरची घंटी किणकिणते, टोनी मान वर करतो, आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच क्षणी बंद होतात. सुमारे १० सेकंद नुसता काळा पडदा, कसलाही आवाज नाही. मग श्रेयनामावली, तीही निःशब्द.

देशभर घराघरांत त्या सेकंदांमध्ये जवळपास एकच गोष्ट घडली. केबल गेली, असं लोकांना वाटलं. कुणी रिमोट दाबून पाहिला, कुणी उठून सेट-टॉप बॉक्सच्या वायरी तपासल्या, रेकॉर्डिंग लावून ठेवलेल्यांना वाटलं की यंत्रानेच ऐनवेळी दगा दिला. काहींनी केबल कंपनीला फोन लावले. नेमक्या याच क्षणी वाहिनी कशी गेली, म्हणून चिडचिड झाली. नावं सरकू लागली तेव्हा कुठे कळलं की बिघाड काहीच नव्हता, हाच शेवट होता. आणि मग दुसरी चिडचिड सुरू झाली, पहिलीपेक्षा कितीतरी मोठी.

या भागाबद्दल आजवर अमाप लिहिलं गेलं आहे, आणि त्यातलं बहुतेक सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: टोनी मेला की जगला? मला हे प्रकरण दुसऱ्या टोकाकडून मांडायचं आहे. प्रेक्षकांनी त्या १० सेकंदांत जे केलं, तीच माझ्या लेखी या भागाला मिळालेली सगळ्यात अचूक दाद होती. पुढची अनेक वर्षं चाललेला वाद म्हणजे ती दाद झाकून टाकायची धडपड होती. मनापासून केलेली, पुष्कळदा फार हुशारीने केलेली, पण धडपडच.

प्रेक्षक काय घेऊन बसले होते

कुठल्याही प्रतिक्रियेचा विचार करताना आधी प्रेक्षकाची सवय पाहावी लागते. अमेरिकी मालिकांनी शेवटाबद्दलची सवय फार पूर्वीच लावून ठेवली होती. 'द फ्युजिटिव्ह' या मालिकेत बायकोच्या खुनाचा खोटा आळ आलेला डॉक्टर चार वर्षं पळत होता. २९ ऑगस्ट १९६७ला तिचा शेवट झाला, खरा खुनी सापडला, डॉक्टर सुटला. त्या वेळी चालू असलेल्या दूरचित्रवाणी संचांपैकी ७२ टक्के संचांवर तोच भाग लागलेला होता. पुढे 'डॅलस'ने हीच गोष्ट आणखी ताणली. २१ मार्च १९८०ला त्या मालिकेतला खलनायक जे. आर. युइंग याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गोळ्या कुणी झाडल्या, हे २१ नोव्हेंबरला सांगितलं. मधले आठ महिने लोक त्यावर पैजा लावत होते, टी-शर्ट छापत होते. उत्तर ऐकायला ८ कोटींहून जास्त लोक बसले होते. यातून एक अलिखित करार तयार झाला: तुम्ही धीर धरा, आम्ही हिशेब पुरा करू.

'द सोप्रानोज'ने हा करार कधीच केला नव्हता, आणि तसं ती मालिका उघडपणे सांगत आली होती. १० जानेवारी १९९९ला ती सुरू झाली. गुंडांच्या टोळीचा नायक, त्याला घेरी येते, म्हणून तो डॉ. मेल्फी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागतो, इथून गोष्ट निघते. तिसऱ्या सीझनमध्ये, १८ मार्च २००१च्या भागात, डॉ. मेल्फींवर बलात्कार होतो. पोलिसांच्या चुकीमुळे गुन्हेगार सुटतो. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत असा माणूस बसलेला आहे, ज्याला एक शब्द सांगितला की त्या गुन्हेगाराचं नामोनिशाण उरणार नाही. टोनी विचारतो, काही सांगायचंय का? त्या 'नाही' म्हणतात आणि पडदा काळा होतो. भाग संपतो. पाहणाऱ्याला त्या गुन्हेगाराचं रक्त हवं असतं, ते त्याला मिळत नाही. आज मागे वळून पाहताना हा भाग मला शेवटच्या भागाची तालीम वाटतो. तोच काळा पडदा, तीच अपुरी राहिलेली भूक. फरक इतकाच की इथे नकार एका पात्राच्या तोंडी होता, त्यामुळे लोकांनी तो मान्य केला, त्या पात्राचा आदर केला. २००७मध्ये तोच नकार थेट प्रेक्षकाला मिळाला.

त्याच सीझनमध्ये ६ मे २००१ला 'पाइन बॅरन्स' हा भाग आला. बर्फाने भरलेल्या जंगलात टोनीच्या टोळीतले पॉली आणि ख्रिस्तोफर एका रशियन माणसाला मेला असं समजून पुरायला नेतात, तो जिवंत निघतो आणि निसटतो, त्याला गोळी लागल्यासारखी वाटते, आणि तो दिसेनासा होतो. पुढे त्याचं काय झालं ते मालिकेने कधीच सांगितलं नाही. तो परत येणार, सूड घेणार, हा धागा पुढे जोडला जाणार, अशी वाट प्रेक्षक वर्षानुवर्षं पाहत राहिले. मालिकेचे निर्माते डेव्हिड चेस यांना हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की त्याचा त्यांना वैताग आला होता. म्हणजे शेवटच्या रात्रीचा झगडा अचानक उपटला नव्हता. मालिका आणि तिचे प्रेक्षक यांच्यात सहा वर्षं तो धुमसत होता, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या.

शेवटच्या आठवड्याने आगीत तेल ओतलं. ३ जूनच्या भागात टोनीचा मेव्हणा बॉबी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या दुकानात मारला जातो, उजवा हात सिल्व्हियो कोमात जातो, डॉ. मेल्फी टोनीवर उपचार करणं थांबवतात. भाग संपतो तेव्हा टोनी एका लपायच्या घरात, अंगावर बंदूक घेऊन पलंगावर पडलेला आहे. पुढचे सात दिवस प्रेक्षक गोळीबाराची वाट पाहत होते. यात त्यांचा काहीच दोष नाही. बंदूक त्यांच्या हाती मालिकेनेच दिली होती.

आणि मग अखेरच्या भागात चेस यांनी एक विलक्षण गोष्ट केली. टोनीचा शत्रू फिल लिओटार्डो पेट्रोल पंपावर मारला जातो, तोही शेवटच्या प्रसंगाच्या बराच आधी. टोळीयुद्ध तिथेच मिटतं. टोनीवर खटला उभा राहायची दाट शक्यता आहे, पण ते संकट वकिलांच्या पातळीवरचं. म्हणजे कथेच्या हिशेबाने टोनी आइस्क्रीम पार्लरमध्ये शिरतो तेव्हा त्याच्या जिवावरचं ठरलेलं संकट टळलेलं आहे. तरीही पुढची जवळजवळ पाच मिनिटं पाहणाऱ्याच्या पोटात गोळा असतो. हे कसं झालं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

पाच मिनिटांची बांधणी

त्या प्रसंगात एक ठेका आहे. दारावरची घंटी वाजते, टोनीचा चेहरा दिसतो, तो वर पाहतो, आणि मग दारातून कोण आलं ते त्याच्या नजरेतून आपल्याला दिसतं. हे पुन्हा पुन्हा घडतं. कधी एखादी अनोळखी बाई आत येते, कधी कार्मेला. आपल्या नकळत आपल्याला हा ठेका पाठ होतो: घंटी, चेहरा, टोनीला जे दिसतंय ते. ए.जे.च्या पुढे पुढे एक माणूस आत येतो. अंगात 'मेंबर्स ओन्ली' या ब्रँडचं जाकीट. तो काउंटरवर बसतो, टोनीच्या दिशेला नजर टाकतो, मग उठून स्वच्छतागृहात जातो. मध्ये मध्ये मेडोची गाडी: मागे, पुढे, पुन्हा मागे. गाडी लावण्यासारखी क्षुल्लक गोष्ट इतक्या बारकाईने दाखवताहेत म्हटल्यावर तिच्यात काहीतरी अर्थ असणारच, असं मन स्वतःच ठरवतं. भीती निर्माण करायला पडद्यावर काहीच घडत नाही, फक्त काय दाखवायचं आणि किती वेळ दाखवायचं याची निवड घडते.

शेवटची घंटी वाजते. टोनीचा चेहरा. तो वर पाहतो. आता ठेक्याप्रमाणे त्याला जे दिसतंय ते दिसायला हवं. तिथे काळोख आहे.

हे तंत्र त्या रात्री किती जणांच्या लक्षात आलं असेल? फारच थोड्यांच्या. पण लक्षात येण्याची गरज नव्हती. ठेका अंगात भिनलेला होता आणि तो चुकला. शिवाय या मालिकेचा जवळपास प्रत्येक भाग श्रेयनामावलीवर वाजणाऱ्या एखाद्या निवडक गाण्याने संपायचा. ते गाणं सुरू झालं की भाग संपला, हे वर्षानुवर्षांच्या सवयीने ठरलेलं होतं. तीही खूण काढून घेतली. संपल्याच्या सगळ्या खुणा नाहीशा झाल्यावर माणूस काय करणार? संच बिघडला असंच समजणार. चेस यांना तर काळा पडदा श्रेयनामावलीशिवायच थेट शेवटपर्यंत ठेवायचा होता, पण नावं दाखवण्याबाबतचे व्यवसायातले नियम आडवे आले. तसं झालं असतं तर केबल कंपन्यांचे फोन आणखी बराच वेळ वाजत राहिले असते.

रिमोटकडे गेलेला हात म्हणजे काय, तर नायकाचं जग अचानक बंद होताना पाहणाऱ्याने ते स्वतःच्या घरात घडल्यासारखं अनुभवणं. टोनीला काही झालं असं कुणाला वाटलंच नाही, आपल्याला काही झालं असं वाटलं. दूरचित्रवाणीच्या इतिहासात इतक्या लोकांना, इतक्या एकाच वेळी, इतकं शारीरिक काही वाटायला लावणारा, दृश्य तोडणारा दुसरा कट मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून

त्या रात्री सुमारे १ कोटी १९ लाख लोकांनी तो भाग पाहिला. पैसे भरून घ्यावी लागणारी आणि जेमतेम ३ कोटी घरांत पोहोचलेली वाहिनी लक्षात घेतली तर हा आकडा प्रचंड आहे. भाग संपताच एचबीओच्या संकेतस्थळावर इतकी झुंबड उडाली की ते कोलमडलं. फसवणूक झाली, थट्टा केली, लेखकाला शेवट सुचलाच नाही, चित्रपटासाठी जागा राखून ठेवली, वर्गणी रद्द करा: रागाचे सगळे प्रकार काही तासांत बाहेर पडले. त्यांच्यासोबतच, संख्येने कमी पण तितक्याच ठामपणे, हा थोर शेवट आहे असं म्हणणारेही होते. एकाच घरात, एकाच सोफ्यावर दोन्ही मतं निघाली. दुसऱ्या आठवड्यात तर हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेने याच प्रसंगाची नक्कल करणारी चित्रफीत काढली, त्यात त्या आणि बिल क्लिंटन उपाहारगृहात बसलेले होते आणि शेवटी पडदा काळा होत होता. मालिका न पाहणाऱ्यांपर्यंतही तो काळा पडदा पोहोचला होता. जर्नीचं २६ वर्षं जुनं गाणं पुन्हा जोरात विकलं जाऊ लागलं.

चेस तेव्हा फ्रान्समध्ये होते, मुद्दामच. न्यू जर्सीच्या एका दैनिकाला त्यांनी फोनवर एक मुलाखत दिली आणि जे आहे त्याचं स्पष्टीकरण, समर्थन किंवा त्यात भर घालण्यात आपल्याला रस नाही, असं सांगितलं. कुणाला मुद्दाम डिवचायचा हेतू नव्हता. ज्याला पाहायचंय त्याच्यासाठी सगळं तिथेच आहे, असंही ते म्हणाले.

'सगळं तिथेच आहे' या वाक्याने प्रेक्षकांच्या हाती भिंग दिलं. पुढचा टप्पा पुरावे गोळा करणाऱ्यांचा. बॉबी आणि टोनी तळ्यावर होडीत बसलेले असताना बॉबी म्हणाला होता की गोळी लागते तेव्हा बहुधा आवाजही ऐकू येत नसेल. आणि ते बोलणं ३ जूनच्या भागात टोनीला आठवताना दाखवलं होतं. हा सगळ्यात वजनदार पुरावा. मग स्वच्छतागृहात जाणारा माणूस: १९७२च्या 'द गॉडफादर'मध्ये मायकल उपाहारगृहाच्या स्वच्छतागृहात लपवलेलं पिस्तूल घेऊन बाहेर येतो. मग जाकीट: सहाव्या सीझनच्या पहिल्या भागाचं नावच 'मेंबर्स ओन्ली' होतं, आणि त्याच भागात टोनीला गोळी लागली होती. २००८मध्ये एका प्रेक्षकाने शॉटनिहाय विश्लेषणाचा भलामोठा निबंधच लिहिला, आणि घंटी-चेहरा-नजर हा ठेका त्यात इतक्या चिकाटीने उलगडला की अनेकांचा राग तो वाचून कायमचा गेला. त्या अनामिक लेखकाच्या मेहनतीबद्दल मला खरंच आदर आहे.

पण याच टप्प्यात खोटी नाणीही चालली. जाकीटवाला माणूस फिल लिओटार्डोचा पुतण्या निकी आहे, पूर्वीच्या एका भागात तो दिसला होता, श्रेयनामावलीत त्याचं नाव आहे, अशी कथा ईमेलमधून पसरली. श्रेयनामावलीत असलं काहीही नव्हतं. तरी लोकांनी ती कथा आनंदाने पुढे ढकलली, कारण तिच्यात नाव होतं, नातं होतं, सूडाचं कारण होतं. काळ्या पडद्यात जे नव्हतं ते सगळं तिच्यात होतं. या प्रकरणातला सगळ्यात शिकण्याजोगा तपशील मला हाच वाटतो. रिकामी जागा माणसाला सहन झाली नाही की तो तिथे सर्वांत आधी एक ओळखीचा खुनी बसवतो.

समोरचा पक्ष म्हणायचा, टोनी जगला. आयुष्यभर तो प्रत्येक घंटीला असाच वर पाहत राहणार, हीच त्याची शिक्षा. ही मांडणी सुंदर आहे, पण तिचंही काम तेच: प्रकरण मिटवणं. दोन्ही पक्ष वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडले आणि दोघांचीही खटपट एकच होती, की त्या १० सेकंदांच्या जागी एखादं वाक्य ठेवता यावं.

चेस यांच्याशी एका मुद्द्यावर मतभेद

त्याच वर्षी नंतर चेस जरा मोकळेपणाने बोलले आणि त्यात प्रेक्षकांवर त्यांनी चांगलीच टीका केली. इतकी वर्षं लोकांनी टोनीच्या चोऱ्या, खून, खोटेपणा चवीने पाहिला, त्याची बाजू घेतली, आणि शेवटी मात्र त्यांना त्याला शिक्षा झालेली, त्याचा मेंदू भिंतीवर उडालेला पाहायचा होता. हे केविलवाणं आहे, असा त्यांचा सूर होता.

मला हा आरोप पटत नाही. काही जणांना रक्त हवं होतं, यात वाद नाही. पण बहुसंख्य चिडलेल्यांची चीड वेगळी होती. आठ वर्षं आपण ज्यांच्या घरात गेलो त्यांचा निरोप आपल्याला घेता आला नाही, ही ती चीड होती. टोनी मेला असता तरी ती शमली असती, जगला असता तरी शमली असती. तिला फक्त दार बंद झाल्याचा आवाज हवा होता. ज्याला पात्रांबद्दल काहीच वाटत नाही तो पडदा काळा झाल्यावर चिडत नाही, तो चॅनल बदलतो. इतक्या रागाच्या मुळाशी इतकं प्रेम होतं, हे प्रेम निर्माण करणाऱ्यालाच दिसू नये याचं वाईट वाटतं.

याला एक उत्तम साक्षीदार आहे: खुद्द टोनी, म्हणजे जेम्स गॅन्डोल्फिनी. २०१२मध्ये एका मासिकाशी बोलताना त्यांनी सांगितलं की शेवट पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपल्यालाही धक्का बसला. एवढं सगळं सोसलं, एवढे मृत्यू झाले, आणि हे असं संपायचं? मग झोप घेतली, दुसऱ्या दिवशी उठून विचार केला आणि वाटलं, हेच बरोबर. त्यांना रक्ताची तहान होती असं कुणी म्हणेल का? त्यांच्या मनात एका रात्रीत जे घडलं, ते घडायला बाकीच्या प्रेक्षकांना काही वर्षं लागली, एवढंच. पुढच्या वर्षी, १९ जून २०१३ला, गॅन्डोल्फिनी रोममध्ये अचानक गेले. ती बातमी आल्यावर अनेकांनी तो शेवटचा प्रसंग पुन्हा पाहिला आणि त्यानंतर त्याविषयी रागाने बोलणारे आणखी कमी झाले.

टीकाकारांची मतं त्याआधीच बदलू लागली होती. सप्टेंबर २००७मध्ये या भागाच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराने प्रेक्षकाचा राग जात नाही. तो पुन्हा पाहण्याने जातो. इथे 'गेम ऑफ थ्रोन्स'ची आठवण येते. २०१९च्या त्याच्या शेवटच्या सीझनवर लोक इतके संतापले की तो नव्याने बनवावा या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. तिथे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, पण ते लोकांना खरं वाटलं नाही. असा राग पुन्हा पाहिल्याने वाढतो, कारण प्रत्येक वेळी तेच न पटणारं उत्तर समोर येतं. 'द सोप्रानोज'चा शेवट पुन्हा पाहिला की दरवेळी काहीतरी नवं सापडतं: एक नजर, घंटीचा एक ठोका, गाण्याची एक ओळ.

थेंबाथेंबाने आलेलं उत्तर

चेस यांना गप्प राहणं जमलं नाही, किंवा लोकांनी जमू दिलं नाही. २०१४मध्ये एका लेखात, टोनी मेलेला नाही, असं ते म्हणाल्याचं छापून आलं. लगेच त्यांच्या वतीने खुलासा आला की बोलण्याचा विपर्यास झाला आणि मुळात जिवंत की मृत हा मुद्दाच नाही. २०१५मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेच्या त्रैमासिकात त्यांनी तो प्रसंग शॉट-शॉट करून समजावला आणि सांगितलं की आपल्याला पोहोचवायची होती ती भावना गाण्याच्या नावात होती तितकीच साधी होती. २०१९ साली आलेल्या एका मुलाखत-पुस्तकात बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून 'मृत्यूचा प्रसंग' असे शब्द निघून गेले, मुलाखतकारांनी ते लगेच पकडले, आणि चेस यांनी त्यांना शिवी हासडली. २०२१मध्ये ते आणखी सरळ बोलले. मूळ कल्पनेत टोनी न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला एका बैठकीसाठी जाणार होता आणि तिथे तो मारला जाणार होता. नंतर एकदा रस्त्यावर छोटंसं उपाहारगृह दिसलं आणि वाटलं, टोनीचा शेवट अशा ठिकाणी व्हावा.

प्रत्येक वेळी मोठाले मथळे झाले: अखेर उत्तर मिळालं. आणि प्रत्येक वेळी जुन्या प्रेक्षकांमध्ये एक विचित्र निराशा दिसली. ज्यांचा अंदाज बरोबर ठरला त्यांनाही फारसा आनंद झाला नाही. चौदा वर्षं मागितलेलं उत्तर मिळालं आणि हाती काही आलं नाही, कारण त्यांना जे हवं होतं ते २००७मध्येच घडून गेलेलं होतं, संच बिघडला असं वाटलेल्या त्या सेकंदांत. माझं मत असं की चेस यांनी पहिल्याच मुलाखतीतलं वचन पाळायला हवं होतं.

पुराव्यांच्या शोधात प्रसंगातलं एक बोलणं मात्र फार मागे पडलं, आणि ते मला सगळ्यात जवळचं आहे. जेवायला बसल्यावर ए.जे. बापाला आठवण करून देतो: चांगले क्षण लक्षात ठेवावेत, असं तूच एकदा म्हणाला होतास ना? टोनीला ते आठवत नाही. प्रेक्षकाला मात्र आठवतं: पहिल्या सीझनच्या अखेरच्या भागात, वादळी रात्री, वीज गेलेली असताना उपाहारगृहात कुटुंबाला एकत्र बसवून त्याने हे म्हटलं होतं. म्हणजे टोनीच्या आयुष्याची आठवण आता त्याच्यापेक्षा पाहणाऱ्याकडे जास्त शाबूत आहे. जाकीटवाल्याकडे डोळे लावून बसलेल्यांच्या हातून हा निरोप निसटला. निरोप दिला नाही म्हणून चिडलेल्यांना तो दिला गेला होता, फक्त पडदा काळा व्हायच्या काही मिनिटं आधी.

आता हा भाग पहिल्यांदा पाहणारे

महामारीच्या काळात घरी अडकलेल्या नव्या पिढीने ही मालिका मोठ्या प्रमाणावर पाहिली आणि तिला पुन्हा बहर आला. जिथे चित्रण झालं त्या ब्लूमफिल्डमधल्या होल्स्टेन्स पार्लरमध्ये त्याच बाकड्यावर बसायला लोक येतच राहिले, आणि २०२४च्या मार्चमध्ये ते बाकडं लिलावात ८२,६०० डॉलरला गेलं.

मात्र या नव्या प्रेक्षकांना २००७चा अनुभव मिळणं जवळजवळ अशक्य आहे. स्ट्रीमिंगवर खाली वेळेची पट्टी असते. किती मिनिटं उरलीत ते दिसतं. केबल जाण्याची भीती नाही. शेवट काळ्या पडद्याने होतो हे आधीच कुठून तरी कानावर आलेलं असतं. त्यामुळे ते पहिल्या दिवसापासूनच पुरावे शोधणारे प्रेक्षक असतात. ते प्रसंग अधिक बारकाईने पाहतात, त्यांना ठेका पहिल्याच वेळी दिसतो, त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. पण त्यांचा हात रिमोटकडे जात नाही.

म्हणून या भागाच्या प्रेक्षकांशी कुणाला बोलायचं असेल, तर टोनी मेला का हा प्रश्न अगदी शेवटी ठेवावा. त्यावर प्रत्येकाचं उत्तर तयार असतं आणि बहुधा ते दुसऱ्याकडून घेतलेलं असतं. २००७च्या त्या रात्री संचासमोर असलेलं कुणी भेटलं तर आधी एवढंच विचारावं, की पडदा काळा झाल्यावर तुम्ही नेमकं काय केलंत, आणि शेजारी कोण बसलं होतं. मी असं ज्यांना ज्यांना विचारलं आहे, त्यांना शेवटाबद्दलचं आपलं तेव्हाचं मत नीट सांगता येत नाही. पण आपण उठलो होतो की बसून राहिलो होतो, हे मात्र सगळ्यांना आठवतं.